सीटमागची खडूची खूण

आमच्या सायकल ग्रुपवर भांडायला काहीही पुरतं. रविवारी इडली कुठे खायची, पावणेसहा म्हणजे नक्की किती वाजता, हेल्मेटखाली टोपी घालायची की नाही. पण सगळ्यात जुना आणि कधीच न मिटणारा वाद एकच, सायकल दुरुस्तीला कुठे द्यायची? गल्लीतल्या मिस्त्रीकडे, की त्या मोठ्या काचेच्या दुकानात, ज्याच्या प्रत्येक शहरात शाखा असतात आणि आत गेल्यावर थंडी वाजते? गेल्या आठवड्यात त्यांनी बेळ्ळंदूरला आणखी एक शाखा उघडली, आणि ग्रुपवर पुन्हा धुरळा उडाला. शेवटी कुणीतरी लिहिलं, "ताई, तुमचं मत सांगा. तुम्ही तर काचेच्या दुकानाच्या वकील."

ताई म्हणजे मी. फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

दोन वर्षांपूर्वी हाच वाद मी जिंकले होते. एकटीनं, सगळ्या ग्रुपशी भांडून. माझ्या त्या जिंकण्यापायी माझ्या वडिलांचे मंगळवार गेले. मला ते मंगळवार परत हवे आहेत. ते मिळणार नाहीत हे कळतं, तरी हवे आहेत. बास, एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आई गेली तेव्हा बाबा पुण्यात एकटे पडले. मी इथे बंगळुरूत, इंदिरानगरच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावर भाड्यानं राहते, नोकरी बेळ्ळंदूरला, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायचं नाही. बाबांना म्हटलं, चला माझ्याकडे. ते म्हणाले, "येतो, पण सायकल येणार असेल तर." त्यांची ती काळी, बावीस इंची, सळीच्या ब्रेकची सायकल रेल्वेच्या पार्सलनं आली. गोणपाटात गुंडाळलेली. सोडवायला गेले तेव्हा पार्सल ऑफिसातल्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भंगार मागवलंय.

बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. जन्मभर. केसाइतका फरकही त्यांना बोटाला कळायचा. घरातलं कुठलंही यंत्र कधी बाहेर दुरुस्तीला गेलं नाही. मिक्सर, शिलाई मशीन, शेजारच्यांची स्कूटरसुद्धा ते अंगणात पसरून बसायचे. आई चिडायची, "अहो, माणसं जेवणार कुठे?" हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढचं मला कळलं नाही, याला काय म्हणावं!

बंगळुरूत बाबांचं बोलणं बंद झालं. कानडी येत नाही, इंग्रजी कारखान्यापुरतं, हिंदी बोलले तर समोरचा कानडीत उत्तर द्यायचा. मी सकाळी नऊला निघायची आणि बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकची कृपा झाली तर साडेसातला घरी. दिवसभरात त्यांच्या तोंडून दहा वाक्यं निघत असतील, त्यातली निम्मी माझ्याशी आणि त्यातलीही अर्धी "डबा घेतलास का." मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटून मी करणार काय होते? मीटिंगा सोडून गप्पा मारत बसू? असं मी तेव्हा म्हणायची.

मग त्यांना मिस्त्री सापडला.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका फुलवालीच्या शेजारी मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर आणि आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढी जागा. वर छताला टायर टांगलेले. मिस्त्री बाबांच्याच वयाचे, गुडघ्यानं अधू. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरात अजून मराठी, पण कशी मराठी! "बसा की अण्णा, स्वल्प वेळ होतंय." "आयतु, झालं, घेऊन जावा." बाबा पहिल्या दिवशी घरी आले तेच हसत. "अगं, तो मराठी बोलतो! म्हणजे, मराठीच आहे ती, जरा निराळ्या साच्यात ओतलेली." किती महिन्यांनी हसले होते. मी त्यांना गरम पोळी वाढत होते, ती हातात तशीच राहिली.

त्यानंतर दर मंगळवारी बाबांच्या सायकलीचा डावा ब्रेक ढिला व्हायला लागला.

सकाळी मी डबा भरत असले की हे सायकलपाशी वाकून म्हणायचे, "परत ढिला झालाय. दाखवून यायला पाहिजे." मी एकदा म्हटलंही, "अहो बाबा, तुम्ही फिटर ना? एक नट तर आवळायचा!" तर म्हणाले, "हात थरथरतात आता. पाना धरवत नाही." मला चटका बसला. बाबा म्हातारे झाले, असं पहिल्यांदा वाटलं. त्याच माणसानं रविवारी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून माझ्या कुर्त्याचं बटण लावलं होतं, ते काही मला आठवलं नाही. मी अशी हुशार!

मंगळवारच का, तर त्याचंही गणित होतं. आमचा ग्रुप रविवारी सर्जापूरवरून आनेकलच्या बाजूला जाऊन यायचा. कुणाचा गिअर अडकायचा, कुणाचं चाक वाकायचं. सोमवारी सगळ्या सायकली मिस्त्रींकडे. मंगळवारी त्या तयार. आणि मिस्त्रींचा एक नियम होता: दुरुस्त झालेली सायकल चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. पण गुडघ्यामुळे त्यांना स्वतःला ते जमेना. मग ती चालवून पाहायचं काम हळूहळू बाबांकडे आलं. कुणी दिलं नाही, कुणी मागितलं नाही, आपलं आलं.

मी एकदा ऑफिसला दांडी मारून तिकडून जात होते तेव्हा ते पाहिलं. बाबांनी शर्ट खोचलेला, पँटच्या पायाला क्लिपा लावलेल्या, आणि स्वारी आमच्या ग्रुपमधल्या नागपूरकराच्या महागड्या गिअरच्या सायकलीवर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन परत आलेली. उतरले, चाक फिरवून कान लावला आणि म्हणाले, "मागचा ब्रेक घासतोय. अर्धा आटा." मिस्त्रींनी मुकाट्यानं अर्धा आटा फिरवला. बाबा पुन्हा देवळापर्यंत गेले, पुन्हा आले. मग खिशातून खडू काढून सीटच्या मागच्या कडेला एक बरोबरची खूण केली, कारखान्यात तपासून पास झालेल्या मालावर करायचे तशी. ती खूण असल्याशिवाय मिस्त्री सायकल सोडत नसत. दोघं एकमेकांना अण्णा म्हणत. नाव ना यांना माहीत, ना त्यांना.

मंगळवारी रात्रीचं जेवण म्हणजे आमच्याकडे सण. बाबा बोलत सुटायचे. कुणाची चेन सुकलेली होती, कोण सायकल धुतच नाही, चाकाला कानडीत काय म्हणतात, मिस्त्रींच्या घरी भाकरीला काय म्हणतात. मी भात कालवत "हं, हं" करायची आणि एका डोळ्यानं ऑफिसचे मेल बघायची. आज ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या असं वाटतं.

ग्रुपवर मात्र खडूच्या नावानं खडे फोडणं चालू असायचं. काळ्या चड्डीला पांढरा ठिपका लागतो म्हणून. आणि खरं सांगू? मिस्त्रींच्या बाबतीत माझ्याही तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. "नाळे या, अक्का," म्हणजे उद्या या. ही नाळे एकदा नऊ दिवस चालली. पावती नाही. कुठला पार्ट घातला विचारलं तर "चांगलं घातलंय." शिवाय मी गिअरबद्दल प्रश्न विचारला की उत्तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाला. ते माझ्या फार डोक्यात जायचं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "लाजतो गं तो." लाजतो म्हणे! सत्तरीचा माणूस.

अशात आमच्या भागात ते काचेचं दुकान उघडलं. मी पहिल्याच शनिवारी गेले. पांढरे दिवे, भिंतीवर सायकली, आणि दुरुस्तीच्या टेबलामागे हातमोजे घातलेली एक मुलगी. तिनं माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलून, माझ्या सायकलीचं काय काय बिघडलंय ते समजावलं. काम किती वाजता होईल ते सांगितलं आणि त्या वेळेला ते झालं. वर एक लांबलचक छापील यादी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. वीस वर्षं सायकलच्या दुकानांत दुर्लक्ष करून घेतलेल्या बाईलाच ते कळेल.

पुढच्या रविवारी इडली खाताना मी तोफ डागली. नागपूरकर मिस्त्रींचा भक्त. तो म्हणाला, "काहून बदलायचं ताई? चांगलं चालून राहिलं ना! हे काचवाले दुरुस्ती नाही करत, पार्ट बदलतात फक्त. अण्णा जुन्या पार्टमध्ये जीव टाकतात." दुसरा म्हणाला, मिस्त्री अर्ध्या वाटेत फोन केला तरी उपाय सांगतात. तिसरी म्हणाली, मोठी दुकानं आज आहेत, धंदा नाही झाला तर उद्या शटर ओढून पसार. मी सगळ्यांना पुरून उरले. म्हटलं, "नऊ दिवस थांबलात का कधी? पावतीशिवाय पार्ट बदललात का कधी? भावना पुरे, कामाचं बोला." त्या दुकानानं ग्रुपसाठी वर्षभराची सवलत देऊ केली होती, आणि व्हॅन येऊन दारातून सायकल न्यायची, दारात आणून सोडायची. मग काय, महिन्याभरात अख्खा ग्रुप तिकडे. नागपूरकरसुद्धा, तोंड वाकडं करत का होईना.

जिंकल्याचा मला केवढा आनंद! घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळेच?"

"सगळेच."

"बरं," म्हणाले, आणि ताटातली लोणच्याची फोड चिवडत राहिले. पुढच्या मंगळवारी ब्रेक ढिला झाला, बाबा गेले, पण तासाभरात परत आले. चालवून बघायला सायकलच नव्हती.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण शहाणपणा अंगात आला की थांबतोय कुठे! बाबांचा वाढदिवस आला होता. काचेच्या दुकानात योजना लागली: कुठलीही, कसलीही जुनी सायकल आणा आणि नवीन घेऊन जा. माझ्या मनात आलं, बिचारे दर आठवड्याला तो ब्रेक घेऊन लंगडत जातात, हात थरथरतात, त्यांना हलकी, गिअरची, कधीही न बिघडणारी सायकल घेऊन देऊ. ते सकाळी फिरायला गेले असताना व्हॅन बोलावली. काळी सायकल गेली, पांढरी आली. दारात उभी केली, हँडलला झेंडूची माळ घातली.

बाबा फिरून आले. सायकलीकडे बघितलं, मग तिच्यामागे, भिंतीपाशी, जिथे काळी उभी असायची तिथे. "ती कुठे आहे?"

"दिली! नाहीतरी सारखी बिघडत होती."

बाबांनी माळ सरळ केली. "बरं केलंस," म्हणाले. "जुनी झालीच होती."

दोन दिवसांनी त्यांनी एकच विचारलं. सायकलच्या मधल्या दांडीवर त्या दुकानाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. "हे नाव खरवडून काढता येईल का गं?"

"छे! वॉरंटी जाईल," मी म्हटलं.

त्यानंतर ते मिस्त्रींकडे गेले नाहीत. मला वाटलं, चला, सायकल बिघडत नाही, जायचं कारण काय. ते नाव घेऊन त्या शटरसमोर सायकल लावायची त्यांना लाज वाटत होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पांढरी सायकल खरंच बिघडली नाही. व्हॅन येऊन नेऊन पुसून आणायची. बाबा ती गल्लीत दोन फेऱ्या मारून ठेवून द्यायचे. मंगळवारचं जेवण आता बुधवारच्या जेवणासारखंच झालं. मी मेल बाजूला ठेवून विचारायची, "काय मग, आज काय केलंत?" ते म्हणायचे, "काही नाही." घरात एवढी शांतता की कुकरची शिट्टी झाली की दोघंही दचकायचो.

काही महिन्यांनी तिकडून जाताना दिसलं, शटर बंद आणि त्यावर भाड्याने देण्याची पाटी. फुलवाली म्हणाली, गिऱ्हाईक राहिलं नाही, आनेकलला मुलीकडे गेले. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते खिडकीपाशी बसले होते. "हं," म्हणाले. मग उठता उठता, "गुडघा बरा असेल ना त्याचा."

त्या एका वाक्यानं मला झोप येईना. रविवारी ग्रुपला म्हटलं, आज आनेकलमध्ये थांबायचं, मला एक माणूस शोधायचाय. नागपूरकरानं माझ्याकडे पाहिलं आणि, देवाची कृपा, सरळ पुढे निघाला. मिस्त्रींचा जुना नंबर बंद होता, म्हणून बसस्टँडच्या आसपास विचारत गेलो. कारखान्यांच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडखाली मिस्त्री एका कामगाराच्या सायकलचं पंक्चर काढत बसले होते. मला बघून त्यांनी हात पुसले आणि प्रथमच थेट माझ्याशी बोलले.

"अक्का! अण्णा कसे हायेत?"

मी म्हटलं, बरे आहेत.

"मला वाटलं, हातपाय दुखत असतील म्हणून येईनात. घर कुठं ते विचारलंच न्हवतं कधी. मग दुकानच गेलं." त्यांनी माझी सायकल न विचारताच उलटी केली आणि चाक फिरवून बघायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, त्यांचा तो डावा ब्रेक सारखा ढिला का व्हायचा हो? तुम्हालाही दुरुस्त करता आला नाही?" बोलण्यात थोडा टोमणा होताच, नाही म्हणत नाही.

मिस्त्री हसायला लागले. "ढिला कुठं होतंय! फिटर माणूस, स्वतःच्या ब्रेकचा नट आवळायला माझ्याकडे येतंय, मला काय कळत न्हाई होय? घरातनं ढिला करून यायचे. पैले मी नटाखाली स्प्रिंग वॉशर घातलं, घट्ट बसावं म्हणून. पुढच्या मंगळवारी परत ढिला. मग कळलं. मग ते वॉशर मीच काढून टाकलं. उगी अण्णांना जोर लावायला नको, हातानंच फिरू दे."

मी तिथे पत्र्याच्या सावलीत उभी होते. हेल्मेटचा पट्टा सोडण्याच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

"आणि आमची काळी सायकल?" त्यांनी विचारलं. "ती कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हणाले.

"सरी, सरी, बरं झालं. सांगा अण्णांना, या म्हणावं. तिला घेऊनच या म्हणावं, लांब पडतंय खरं, पण बसमधनं टाकून आणता येतंय." मग त्यांनी डब्यातून खडू शोधून काढला आणि माझ्या सीटच्या मागे बरोबरची खूण केली. "अण्णा न्हाईत म्हणून आता मीच करतो. वाकडी येतंय."

घरी आल्यावर बाबांना काही सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही. त्याऐवजी मी माझ्या मते एक नामी युक्ती काढली. मंगळवारी ऑफिसला सुट्टी टाकली. बाबा आंघोळीला गेल्यावर पांढऱ्या सायकलपाशी बसले आणि ब्रेकच्या वायरचा बोल्ट सोडला. हात काळे झाले ते जुन्या साडीच्या फडक्याला पुसले. बाबा बाहेर आले तशी म्हटलं, "अहो बाबा, हिचा ब्रेक ढिला झालाय बघा. दाखवून यायला पाहिजे. मिस्त्री आनेकलला आहेत. मी गाडी काढते, मागे सायकल टाकू."

बाबांनी ब्रेककडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खाली बसले, सायकलबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतली ती वाकडी किल्ली काढली, एका हातानं वायर ओढून धरली, दुसऱ्यानं बोल्ट आवळला. अर्धं मिनिट लागलं नसेल. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"हा आपोआप ढिला होत नाही," ते म्हणाले.

"तुमचा व्हायचा."

"त्याला वॉशर नव्हता." त्यांनी किल्ली पिशवीत घातली. "काढून टाकला होता त्यानं. मला त्याच दिवशी कळलं. मी काय फिटर नव्हे?"

म्हणजे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही वर्षभर तो एक नट ढिला करत आणि आवळत राहिले होते.

"भेटलीस ना त्याला?" बाबांनी विचारलं. "रविवारीच कळलं मला. तुझ्या सीटमागे खूण आहे. वाकडी."

"हो. तुम्हाला बोलावलंय. खूप आठवण काढत होते." मी घाईघाईनं बोलत सुटले, "चला ना बाबा, आत्ता निघू, ट्रॅफिक नसेल, दुपारी तिकडेच जेवू."

"काळीची चौकशी केली असेल त्यानं."

"केली."

"काय सांगितलंस?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तेही जमेना. "बरी आहे म्हटलं. तिला घेऊनच या म्हणालेत."

बाबा उठले. त्यांच्या अंगावर खोचलेला शर्ट होता, आणि पँटच्या पायाला क्लिपा. आंघोळ करून बाहेर येतानाच त्यांनी त्या लावल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं. वाकून त्यांनी एकेक करून दोन्ही क्लिपा काढल्या आणि त्या नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या.

"मग आता," ते म्हणाले, "काय घेऊन जायचं त्याच्याकडे?"